पऱ्हाटी धुऱ्यावर जाळायची अन् कुंडीतली माती विकत आणायची!

पोस्ट लांब आहे. सावकाश वाचा, पण पूर्ण वाचा, अन् मग भांडा.

जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळच्या वेळी जानेफळहून मेहकरकडे निघा, नाहीतर खामगावकडे निघा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धुऱ्याधुऱ्यावर धूर दिसतो. कापसाची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उपटली, ढीग लावला, पेटवून दिला. उपटायची मजुरी दिली, गोळा करायची मजुरी दिली, आणि शेवटी हातात काय? राख. तीही वारा घेऊन गेला. तुराट्यांचंही बरंचसं तेच.

आता जून-जुलैत या. पाऊस पडला की घरोघरी झाडं लावायची हौस येते. गुलाब, जास्वंद, मोगरा, शेवंती. कुंडी आणली, पण कुंडीत भरायचं काय? मग कोकोपीटची वीट आणा, 'पॉटिंग मिक्स' नावाची रंगीत पिशवी ऑनलाइन मागवा. अशा पिशव्यांवर आता मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'बायोचारयुक्त'. बायोचार म्हणजे काय, तर काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा. म्हणजे जे आपण धुऱ्यावर फुकट जाळून टाकलं, त्याचंच भावंड किलोच्या भावानं परत घ्यायचं, वरून कुरिअरचे पैसे भरायचे. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागातल्या पऱ्हाटीचा कोळसा करा, आणि तो पहिल्यांदा फुलांच्या कुंडीत आणि रोपवाटिकेच्या पिशवीत घाला. वावराचं नंतर बघू. आणि हे काम गावातच, गावाच्या हातात राहू द्या.

वावर सोडून कुंडीच काहून?

बायोचारवरची भाषणं आजकाल खूप होतात. फ्लेक्स लागतो, पाहुणे येतात, हेक्टरी पाच टन टाका, दहा टन टाका असं सांगून जातात. ऐकणारा शेतकरी मान डोलावतो आणि घरी जाऊन परत पऱ्हाटी पेटवतो. त्याला नावं ठेवू नका. त्यानं मनातल्या मनात हिशोब केलेला असतो. तोच हिशोब मी इथं मांडतो.

एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. म्हणजे एकरी एक टनाच्या आसपास. चांगली वाळलेली पऱ्हाटी नीट जाळली तर वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा कोळसा हाती लागतो. म्हणजे एकरामागं दोनशे किलो धरा. आता हेक्टरी पाच ते दहा टन टाकायचा म्हटलं तर एकराला दोन ते चार टन कोळसा लागणार. दोन टनासाठी दहा एकराची पऱ्हाटी लागते, चार टनासाठी वीस एकराची. दोन-चार एकरवाल्यानं ती आणायची कुठून? वीस जणांच्या वावरातली पऱ्हाटी एकाच्या वावरात टाकायची काय? म्हणून ते भाषण आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याच्या कामाचं नाही. शास्त्र खोटं नाही, माप चुकीचं आहे.

आता तोच दोनशे किलो कोळसा कुंडीत टाकून बघा. दहा लिटरच्या कुंडीत दहावा हिस्सा म्हणजे एक लिटर कोळसा. पऱ्हाटीचा कोळसा हलका असतो, एक लिटरचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाटीत हजारेक कुंड्या भरतात. रोपवाटिकेच्या लहान पिशव्या असतील तर कितीतरी जास्त. वावरात जो कोळसा दिसतसुद्धा नाही, तोच कुंडीत हजार झाडांना पुरतो. आणि फरक पडला की नाही हे कळायला तीन-चार वर्षं थांबावं लागत नाही. झेंडूचं रोप दोन महिन्यांत फुलावर येतं, तेच सांगतं.

म्हणून म्हणतो, सुरुवात कुंडीपासून करा. नुकसान झालं तर चार कुंड्यांचं होईल, पीक बुडणार नाही.

आपल्या काळ्या मातीचं कुंडीत काय होतं

आपली काळी माती वावरात सोनं आहे, यात वाद नाही. पण तीच कुंडीत भरली की झाडाचा जीव घेते. ओली झाली की फुगते आणि चिकट होते, मुळाला हवा मिळत नाही. वाळली की आकसते, भेगा पडतात, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग तुम्ही वरून तांब्याभर पाणी ओतता, ते त्या कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि भोकातून बाहेर. वरून कुंडी ओली दिसते, मधला गोळा कोरडा ठणठणीत. बाई म्हणते, "रोज पाणी घालते हो, तरी गुलाब काहून सुकला?" पाणी मुळापर्यंत गेलंच नाही, म्हणून सुकला.

यावर लोक उपाय करतात तो दुसराच. कुणाच्या तरी वावरातली नाहीतर नाल्याकाठची वरची पोयटा माती ट्रॉलीनं आणतात. वरची वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात, अन् आपण ती कुंड्यांसाठी अन् बंगल्याच्या बागेसाठी खरवडून नेतो. त्यापेक्षा तलावातला गाळ बरा. २०१७ पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे, आपल्या जिल्ह्यात गाळ काढायची कामं मोठ्या प्रमाणावर झाली. पण गाळ म्हणजे बारीक चिकणमाती. नुसता गाळ कुंडीत भरला तर वाळून विटेसारखा कडक होतो. त्याला मोकळं करायला काहीतरी भरड आणि हलकं लागतं, जे कुजून बसून जाणार नाही. कोळसा नेमका तेच काम करतो.

शेणखत आपण घालतोच. घातलंच पाहिजे. पण शेणखत कुजत जातं, म्हणून वर्षभरात कुंडीतली माती तीन-चार बोटं खाली बसते आणि घट्ट होते. कोळसा तसा कुजत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. त्याच्या अंगात बारीक बारीक पोकळ्या असतात. त्यात पाणी धरतो, हवा धरतो, खतातलं पोषण धरून ठेवतो. आपल्या उन्हाळ्यात, जिथं मे महिन्यात पाण्याचा टँकर कधी येईल याची वाट बघावी लागते, तिथं कुंडीत पाणी थोडं जास्त वेळ टिकणं ही काही लहान गोष्ट नाही. ऑर्किड लावणारे लोक कुंडीत कोळशाचे तुकडे घालतात ते पूर्वीपासून. नवीन काही नाही, फक्त नाव इंग्रजी झालं आणि भाव चढला.

पण कोळसा म्हणजे खत नव्हे

इथं मला पिशवीवाल्यांशी भांडायचं आहे. 'चिमूटभर टाका, फुलंच फुलं' अशी जाहिरात करणारा खोटं बोलतो. कोळशात नत्र जवळजवळ नाहीच. उलट ताजा, कोरा कोळसा कुंडीत टाकला तर तो आजूबाजूचं पोषण स्वतःच्या अंगात ओढून घेतो. रोपं पिवळी पडतात, अन् लोक म्हणतात "बायोचार बोगस आहे". बोगस नाही, उपाशी आहे. त्याला आधी खाऊ घालावं लागतं. शेणाच्या स्लरीत, गोमूत्रात किंवा ओल्या कंपोस्टमध्ये पंधरा दिवस ते महिनाभर मुरू द्यायचा, मग कुंडीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि ती पिशवीवर कुठंच लिहिलेली नसते. कोळसा अल्कधर्मी असतो, म्हणजे साध्या भाषेत चुन्याच्या बाजूचा. आपल्याकडची माती आधीच त्या बाजूची, चुनखडीची. बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. त्यात तुम्ही बेहिशोबी कोळसा टाकला तर झाडाला लोह उचलता येत नाही. जास्वंदीची, गुलाबाची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बघितलंय ना असं? म्हणून आपल्याकडं दहा टोपल्यांत एक टोपलं, त्यापेक्षा जास्त नको. अनंतासारख्या आंबट माती आवडणाऱ्या झाडाला तर द्यायचाच नाही. झेंडू, सदाफुली ही झाडं चिवट, ती चालवून घेतात.

बाहेरच्या देशांतले आकडे डोळे झाकून का उचलायचे नाहीत तेही सांगतो. युरोप-अमेरिकेत कुंड्यांमध्ये 'पीट' वापरतात. दलदलीत हजारो वर्षं साठलेला काडीकचरा असतो तो. तो उकरल्यानं दलदली नष्ट होतात म्हणून तिकडं त्याला विरोध आहे, इंग्लंडच्या सरकारनं २०२२ मध्ये घरगुती बागेसाठी पीटची विक्री बंद करायचं जाहीरही केलं. म्हणून तिथले शास्त्रज्ञ पीटऐवजी बायोचार किती घालता येतो ते तपासतात. अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पॉइन्सेटियावर, म्हणजे नाताळात दिसणाऱ्या त्या लाल पानांच्या झाडावर, असा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्ध्याहून जास्त बायोचार असलेल्या कुंड्यांतही झाडं चांगली आली. पण लक्षात घ्या, पीट आंबट असतं. त्यात अल्कधर्मी कोळसा मिसळला की दोघांचा मेळ बसतो. आपल्या काळ्या मातीत तोच आकडा लावला तर आगीत तेल. तिकडचा प्रयोग खरा, पण तो तिकडच्या कुंडीचा. आपल्या कुंडीचं माप आपणच काढलं पाहिजे.

करायचा कसा

हे काही परदेशातून आलेलं गुपित नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं, ज्याला सगळे 'क्रीडा' म्हणतात, दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रमापासून साधी भट्टी बनवली आहे. पऱ्हाटी, तुराट्या यांचा कोळसा करूनही बघितला. आपल्या महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्याच्या कांड्या पाडल्या, आणि त्या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चुलीसाठी होता, कुंडीसाठी नव्हे, पण पाचट वाया घालवायचं नाही हा विचार पंचवीसेक वर्षांपूर्वी फलटण-पुण्याकडं झाला होता. उसाच्या पट्ट्यात झाला, कापसाच्या पट्ट्यात आपण अजून धूरच काढतोय.

ड्रमही नसेल तर खड्डा चालतो. वर रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा. साधारण तीन फूट खोल. पऱ्हाटी पूर्ण वाळलेली पाहिजे. ओली असेल तर धूर होईल आणि शेजारी शिव्या देतील. तळाशी थोडी पऱ्हाटी रचून वरून पेटवायची, खालून नाही. जाळ वर राहतो, खालच्या काड्यांना हवा कमी मिळते. काड्यांवर पांढरी राख धरायला लागली की लगेच वर दुसरा थर टाकायचा. असं करत खड्डा भरत आणायचा. शेवटचा थर जळत आला की पाणी मारून विझवायचा. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या मातीनं झाकून हवा बंद करा, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत उकरू नका, आतला निखारा परत पेट घेतो.

सगळं कसब त्या विझवण्यात आहे. वेळेवर विझवला तर कोळसा, नाही विझवला तर राख. राख म्हणजे कोळसा नव्हे. राखेत क्षार फार, ती घमेल्यानं कुंडीत टाकली तर झाड जळतं. "आम्ही पण राख टाकतो की" असं म्हणणाऱ्या मंडळींनी हा फरक नीट समजून घ्यावा.

कोळसा झाला की हातावर घासून बघा. चांगला असेल तर काळा रंग नुसत्या पाण्यानं निघून जातो. हात तेलकट राहिला, डांबरासारखा वास आला, तर तो कच्चा आहे, कुंडीत घालू नका. ओला असतानाच कुटा, तोंडाला फडकं बांधा, कारण त्याची धूळ छातीत जाते. आणि भट्टीत प्लॅस्टिक, मल्चिंगचा कागद, रंग दिलेलं लाकूड, ठिबकच्या नळ्या यातलं काहीही जाता कामा नये. इस्त्रीवाल्याचा किंवा दगडी कोळसाही नको.

मग हे टोपल्यांचं माप: चार टोपली माती किंवा गाळ, तीन टोपली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन टोपली बारीक मुरूम किंवा धुतलेलं कोकोपीट, आणि एक टोपलं मुरवलेला कोळसा. माझ्या अंगणातल्या कुंड्या मी अशाच भरतो. तुमची माती वेगळी असेल तर थोडं कमी-जास्त करा, पण कोळशाचं टोपलं वाढवू नका.

कोकोपीटवाल्यांकडून शिका

मी कोकोपीटच्या विरोधात नाही. पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो, हलका असतो, कामाचा आहे. नीट न धुतलेलं कोकोपीट मात्र खारं असतं, ते दोन-तीन पाण्यांतून काढा.

पण मला त्याची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढला की उरणारा भुसा हा केरळ-तमिळनाडूत एके काळी डोकेदुखी होता. रस्त्याच्या कडेला डोंगर साठायचे, कुजायचे नाहीत, जाळले तर धूर. आज पोल्लाचीच्या बाजूचा तोच भुसा विटा होऊन जगभर जातो आणि जानेफळच्या अंगणातही येतो. त्या लोकांनी आपल्या कचऱ्याला माल बनवलं. आपण आपला माल कचरा म्हणून जाळतो आणि त्यांचा विकत आणतो. दोष त्यांचा आहे काय?

आता तुमच्या हरकती

पहिली हरकत मला माहीत आहे: "पऱ्हाटी आमच्या चुलीला लागते." बरोबर आहे. आणि ज्यांच्या घरी लागते त्यांच्या चुलीतली काडीसुद्धा काढून घ्यायची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. गॅसची टाकी भरायला पैसे नसतात तेव्हा मजूर बाया डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन घरी जातात. तो त्यांचा हक्क पहिला. मी बोलतोय ते त्यांनी नेल्यावर उरलेल्या आणि धुऱ्यावर पेटणाऱ्या ढिगाबद्दल.

दुसरी: "आम्ही यंत्रानं बारीक करून वावरातच गाडतो." उत्तम. करत राहा. वावराला त्याची गरज आहे, त्याचा कोळसा करू नका. पण यंत्र सगळ्यांकडं नाही, आणि लहान तुकड्यात ते शिरतही नाही.

तिसरी: "पऱ्हाटी लवकर जाळली नाही तर बोंडअळी येते." ही हरकत खरी आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचा कापूस कसा खाल्ला ते कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाट्यांचे ढीग वावरात महिनोन् महिने ठेवू नका हे कृषी विभाग सांगतो ते योग्यच. किडकी बोंडं लागलेली पऱ्हाटी साठवली तर अळीला घर मिळतं. पण कोळसा करायलासुद्धा ती जाळावीच लागते की! जाळाच, फक्त वेळेवर विझवा. वाळली की लगेच भट्टीत घाला, अळीही गेली आणि कोळसाही हाती आला.

चौथी हरकत टोमणा आहे: "शेतकरी मरतोय अन् याला फुलझाडं सुचतात." तर ऐका. दसऱ्याला, दिवाळीला झेंडू कोण घेतं? शेगावच्या वाटेवर हार कोण विकतं? गावोगावच्या पूजेला, लग्नाला, मयतीला फूल लागतंच. पण आपण फक्त तोडलेलं फूल विकतो, जे संध्याकाळी भाव पडला की रस्त्यावर फेकावं लागतं. फुलाचं रोप, भरलेली कुंडी, ही संध्याकाळी सुकत नाही. आज नाही विकली तर पुढच्या बाजाराला विकली जाते. एखाद्या बचत गटानं पन्नास पिशव्यांत शेवंती अन् झेंडूची रोपं केली तर त्यात माती गावची, शेणखत गावचं, कोळसा गावचा. बाहेरून आणायला लागते ती पिशवी आणि बी. फुलझाड ही शहरातली चैन असेल, पण ते पिकवणं हा गावचा धंदा होऊ शकतो. हेच मिरची-टोमॅटोच्या रोपांनाही लागू आहे.

आणि कागदावर सही करण्याआधी

या कोळशावर आता मोठ्यांचीही नजर आहे. कोळसा मातीत गेला की त्यातला कार्बन लवकर हवेत परत जात नाही, म्हणून मोठ्या कंपन्या आपल्या धुराचा हिशोब फेडायला त्याचे 'कार्बन क्रेडिट' विकत घेतात. २०२५ च्या जानेवारीत गूगलनं 'वराह' या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारमधून एक लाख टनाचं क्रेडिट घ्यायचा करार केला. म्हणजे जगातली सगळ्यात श्रीमंत मंडळी ज्याला किंमत देतात ती काडी आपल्या धुऱ्यावर पडून आहे.

मी कुठल्या कंपनीला नावं ठेवत नाही. एवढंच म्हणतो, उद्या कुणी गावात आलं आणि म्हणालं "पऱ्हाटी द्या, आम्ही फुकट उचलून नेतो", तर खुश होऊन अंगठा देऊ नका. विचारा: कोळसा कुणाच्या वावरात जाणार? क्रेडिटचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार? करार किती वर्षांचा? कागद मराठीत आहे काय? आपल्या हातात आधी कोळसा करायची कला असली तर बोलणी बरोबरीनं होतात. कला नसली तर आपण फक्त काडी पुरवणारे.

मागणी काय आहे

एक. २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत येते. त्या सभेत ठराव घ्या की गावात एक भट्टी, ड्रमाची नाहीतर खड्ड्याची, सार्वजनिक जागेवर, पाण्याच्या सोयीजवळ होईल. ज्याला जाळायचं आहे त्यानं तिथं आणून जाळावं, कोळसा आपला आपण घेऊन जावा. 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून चालू आहे, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पाच तत्त्वं त्यात आहेत. कमी धुराची भट्टी एकाच वेळी वायूतही बसते आणि भूमीतही. नुसत्या भिंती रंगवून अन् फोटो टाकून वसुंधरा वाचत नाही.

दोन. वन विभाग, सामाजिक वनीकरण, रोजगार हमी यांच्या रोपवाटिकांत लाखो पिशव्या भरल्या जातात. त्यातल्या एका वाफ्यात गावच्या कोळशाचं मिश्रण भरून बघा. शेजारच्या वाफ्यात नेहमीचं. पाटी लावा. येणारा-जाणारा डोळ्यानं बघेल. आणि कार्यालयाच्या दारात उद्घाटनाला आणलेल्या कुंड्या मार्चपर्यंत वाळून जातात ना, त्या फेकू नका. त्यातली माती काढून हेच मिश्रण भरा.

तीन. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि आपल्या जिल्ह्यातली बुलढाणा व जळगाव जामोदची कृषी विज्ञान केंद्रं यांना माझी हात जोडून विनंती आहे. हेक्टरी टनाची भाषा जरा बाजूला ठेवा. आम्हाला एका कुंडीचं सांगा. पऱ्हाटीच्या कोळशाचा सामू किती, क्षार किती, आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर गुलाब, शेवंती, झेंडू यांना किती घालायचा, हे एका पानावर मराठीत छापून द्या. आणि शेतकरी, बचत गटाची बाई डबाभर कोळसा घेऊन आली तर तपासून द्या.

चार. शाळांनी हे हाती घ्यावं. पोरांना दोन कुंड्या द्या, एकीत कोळसा, एकीत नाही. पाणी सारखंच मोजून घाला आणि वहीत लिहायला लावा की कुठली कुंडी किती दिवसांनी सुकली. पर्यावरणाच्या दहा घोषणांपेक्षा पोरं त्यातून जास्त शिकतील.

यातलं काहीच झालं नाही तरी एक गोष्ट तुमच्या हातात आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. यंदा पऱ्हाटी पेटवाल तेव्हा सगळा ढीग राख होऊ देऊ नका. एक खड्डा करा, एक पोतं कोळसा वेळेवर विझवून ठेवा, शेणाच्या स्लरीत मुरवा. आणि पावसाळ्यात घरच्या बाईला म्हणा, "या वर्षी कुंडीची माती बाजारातून आणायची नाही." काय फरक पडला ते दिवाळीत मला सांगा. नाही पडला तरी सांगा, तेही इथंच लिहीन.

कुणाकडं आधीच अशी भट्टी असेल, जानेफळ, देऊळगाव साकर्शा, हिवरा आश्रम, कुठंही, तर सांगा. येऊन बघतो. पऱ्हाटी निघायच्या आधी चार-पाच जण मिळून एक खड्डा पेटवून दाखवू, ज्याला बघायचं त्यानं यावं. येताना एक टोपलं तेवढं घेऊन या.